खोल पाण्याचे दीड तास

पहाटे ४:१०

गजर सव्वाचारचा, पण जाग त्याच्या आधीच येते. डोळे न उघडता मी आधी ऐकते. मागच्या पत्र्यावर पाऊस पडतोय, श्रावणातला, एका लयीतला. त्याची काळजी नाही. मी कानोसा घेत असते विजेचा. ढग एकदा जरी गडगडले तरी तलाव रिकामा करायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी पाण्यात पाय घालायचा नाही, असा आमच्याकडचा नियम आहे. नियम योग्यच आहे. पण आम्हाला खोल पाणी मिळतं ते सहा ते साडेसात, एवढंच. त्यातला अर्धा तास गेला की दिवस अर्धा झाला.

आज नुसता पाऊस आहे.

आजी माझ्याआधी उठून बसलेली असते. श्रावणी सोमवार, तिचा उपास. पूर्वी मीही तिच्याबरोबर धरायचे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी रिकाम्या पोटी सराव करून घरी आले आणि उंबऱ्यातच गरगरलं, तेव्हा ती म्हणाली, “तुझ्या वाटणीचा मी करते. तू खा.” तेव्हापासून दर सोमवारी ती नाचणीचं सत्त्व करते आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोरून हलत नाही. दीड तास बराचसा डोकं खाली, पाय वर असा जायचा असतो, त्यामुळे पहाटे याहून जास्त पोटाला चालत नाही. एक केळं पिशवीत टाकते, पाण्यातून बाहेर आल्यावर लागतं.

पिशवीत दोन नोजक्लिपा. तिसरी पोहण्याच्या पोशाखाच्या आत, खांद्याच्या पट्टीत खोचलेली. बघणाऱ्याला ती तारेची चिमटी क्षुल्लक वाटते. पण उलटं झाल्यावर नाकाची दोन भोकं सरळ वर उघडतात आणि पाणी थेट कपाळात शिरतं. स्पर्धेत मध्येच क्लिप निसटली तर थांबायचं नसतं. हात एका अंकासाठी मोकळा झाला की खांद्यातली काढून लावायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. हे मी दोनदा केलंय. दोन्ही वेळा नंतर रात्रभर डोकं दुखलं.

स्कूटीच्या डिकीत टॉवेल, कार्यालयाचे कपडे, रेनकोट अंगावर. सिंहगड रस्त्याला या वेळी दुधाच्या गाड्या आणि मी.

पहाटे ५:१५

तलावाच्या कडेला पत्र्याची शेड आहे, तिथे ‘लँड ड्रिल’. नवख्या माणसाला हा प्रकार फार विचित्र वाटेल. आम्ही दोघी ओल्या फरशीवर समोरासमोर उभ्या राहतो आणि हात म्हणजे पाय असं समजून सगळी रचना हातांनी करतो. कोपरात वाकलेला हात म्हणजे गुडघ्यात वाकलेला पाय. मनगट ताठ म्हणजे पावलाचा चवडा ताणलेला. आमच्या प्रशिक्षक मॅडम मोजत असतात: एक-दोन-तीन-चार-पाच-सहा-सात-आठ. पुन्हा एक.

माझी जोडीदार सतरा वर्षांची आहे, बारावी सायन्सला. हडपसरहून वडिलांच्या मोटरसायकलवर येते. मी चोवीस. ती मला ताई म्हणते.

आमचा खेळ सिंक्रो, म्हणजे सिंक्रोनाइज्ड स्विमिंग. त्यातली आमची फ्री ड्युएट, म्हणजे दोघींची मुक्त रचना, पावणेतीन मिनिटांची. आमच्या संगीताची गती मिनिटाला १२० ठोक्यांची, म्हणजे एकूण ३३० ठोके. आठाआठांचे एक्केचाळीस गट आणि वर दोन ठोके. त्या एक्केचाळीस आठांना आम्ही नावं दिली आहेत, नाहीतर बोलणार कसं? ‘पंखा’, ‘जिना’, ‘आईची वेणी’. शेवटून चौथ्या आठाला संपणारा मोठा तुकडा आहे, त्याला ‘विहीर’ म्हणतो. त्यात दोघी डोकं खाली करून उभ्या असतो, पाय जुळलेले, पाण्याबाहेर मांड्यांपर्यंत. मग जागेवर फिरत फिरत खाली उतरत जायचं आणि या तुकड्याच्या शेवटच्या आठातल्या सातव्या अंकाला चारही पावलं एकदम पाण्याखाली गेली पाहिजेत. पाणी मिटलं पाहिजे. आठवा अंक रिकामा.

गेले तीन आठवडे तिथे चूक होते आहे. माझी पावलं आधी जातात. फरक पाव ठोक्याचा असेल, पण पावलं चार आहेत आणि पंच काठावर बसलेले असतात. त्यांना दुसरं काय बघायचंय? २०२३पासून या खेळाची गुणपद्धत बदलली, तेव्हापासून जोडीतला बेताल पकडण्यासाठी वेगळे अधिकारीच बसतात. छोटी चूक, ठळक चूक, मोठी चूक, असं मोजून गुण कापले जातात. शिवाय आपण काय काय करणार ते आधीच कार्डावर लिहून द्यावं लागतं, आणि लिहिल्यापैकी एखादं वळण पुरं झालं नाही तर त्या सगळ्या तुकड्याला नुसता ‘बेस मार्क’, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पूर्वी छाप पाडून थोडं निभावता यायचं. आता येत नाही, आणि मला ते आवडतं. केलंय तेवढंच मिळतं.

हातांवर मात्र आज ‘विहीर’ तिन्ही वेळा बरोबर आली. जमिनीवर ती नेहमीच बरोबर येते.

सकाळी ६:००

खोल पाणी.

आमच्या संकुलात मोठा तलाव आहे, पण तो एका टोकाला चार फूट आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम सहा. सिंक्रोला त्याचा उपयोग नाही. (खेळाचं अधिकृत नाव २०१७पासून ‘आर्टिस्टिक स्विमिंग’ झालं, मराठीत कलात्मक जलतरण. पण तलावावर सगळे सिंक्रोच म्हणतात.) या खेळात तळाला पाय टेकवायचा नसतो, टेकवला तर गुण जातात. जोडीदाराला पाण्याबाहेर फेकायचं तेही अधांतरी राहून. स्पर्धेच्या नियमात १२ मीटर लांब-रुंद असा भाग निदान ३ मीटर खोल असावा लागतो. आमच्याकडे एवढी खोली फक्त सूर मारणाऱ्यांच्या तलावात आहे, पाच मीटर. तो सकाळी साडेसातपासून त्यांचा. त्याआधी आमचा.

शहरात आता सोसायटीसोसायटीत तलाव झाले, सगळे चार फुटांचे. लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते ठीकच आहे. पण त्यामुळे खोल पाणी म्हणजे धोक्याचं पाणी, एवढंच आपल्या डोक्यात बसत चाललंय. आमच्या आधीची माणसं विहिरीत पोहायला शिकली. कंबरेला सुकी भोपळी बांधून थेट पुरुष-दोन पुरुष पाण्यात. माझे आजोबा तसेच शिकले होते. खोल पाण्याला भिण्यापेक्षा त्याची रीत शिकावी, असं मला मनापासून वाटतं, आणि ती रीत शिकवणाऱ्या खेळांत सिंक्रो फार वरचा आहे.

पहिली वीस मिनिटं अंग तापवायला. पावसाळ्यात ऊन नसतं, त्यामुळे उघड्यावरचं पाणी गार पडतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते साधारण २७ अंश ठेवतात. आमचं किती असतं ते मी मोजायला जात नाही. पहिल्या बुडीला कानशिलं बधिर होतात, त्यावरून कळतं.

मग ‘स्कलिंग’. हा सगळ्या खेळाचा पाया आणि प्रेक्षकाला कधीच न दिसणारा. उलटं उभं असताना कोपरं कमरेशी, हाताचे पंजे तळाकडे, आणि कोपरापासून पुढचा हात आत-बाहेर, आत-बाहेर. पंजा सतत किंचित तिरका, पाण्याला दाब देणारा. मॅडम लहान मुलांना सांगतात की इंग्रजी आठ आडवा काढा, कधी न संपणारा. हात थांबले की पाय बुडाले, इतका सरळ हिशेब. सरळ उभं असताना हेच काम पायांनी: खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे फाकवायचे आणि दोन्ही पोटऱ्या उलटसुलट दिशांनी गोल फिरवायच्या. याला ‘एगबीटर’ म्हणतात. वर दोन्ही हात मोकळे, चेहरा प्रसन्न, आणि खाली रवी घुसळतेय. माझ्या कंबरेला याची किंमत कळू लागली आहे.

आज स्पीकर नाही. पावसात तलावाच्या काठावर विजेची वायर नको, म्हणून मॅडमनी पाण्याखालचा स्पीकर बाहेरच काढला नाही. त्यांनी पिशवीतून स्वयंपाकघरातली पकड काढली आणि तलावाच्या स्टीलच्या शिडीवर ठोके द्यायला सुरुवात केली. शिडी पाण्यात उतरलेली असते, त्यामुळे ठोका पाण्यातून येतो. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो आणि कुठून आला ते कळत नाही. डोक्याच्या आतच वाजल्यासारखा वाटतो. त्याच्यावर पावसाची तडतड, गरम तेलात मोहरी पडावी तशी. वर हवेत पाऊस एवढा गोड वाजतो आणि खाली असा. मला खालचा जास्त आवडतो.

तुकडे तुकडे करून घेतलं. ‘जिना’ चांगला. ‘आईची वेणी’मध्ये तिचा पाय माझ्या कपाळाला घासून गेला, तो रोजचाच हिशेब आहे, दोन शरीरं हाताच्या अंतरावर फिरत असतात. मग ‘विहीर’, सुटी, चार वेळा. चारही वेळा बरोबर. पाण्यातसुद्धा!

“पूर्ण रन,” मॅडम म्हणाल्या. “एकच.”

एकच, याला कारण आहे. जुलैत आम्ही लागोपाठ दुसरा पूर्ण रन घेतला होता. मीच हट्ट केला होता. ‘विहिरी’त उतरताना बोटांना मुंग्या आल्या, नजरेच्या कडा काळ्या पडत आत आल्या, आणि मग पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी वर होते, तोंड उघडं होतं आणि तिनं माझा दंड घट्ट धरलेला होता. सतरा वर्षांची पोर. बोटांचे वळ तीन दिवस राहिले. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. श्वास कोंडल्याची तगमग होते ती रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी पडला हे शरीर त्या मानानं सांगतच नाही. आधी जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड काढून टाकला तर तगमग उशिरा होते, आपल्याला वाटतं जमतंय, आणि दिवा एकदम विझतो. दुसऱ्या रनआधी मी नेमकं तेच केलं होतं.

२२ जून २०२२ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची अनिता अल्वारेझ सोलोच्या अंतिम फेरीत आपली रचना संपवून शुद्ध हरपून तळाकडे गेली, तेव्हा तिच्या प्रशिक्षक आंद्रेआ फुएन्तेस अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून तिला वर घेऊन आल्या. ती छायाचित्रं जगभर गेली. आमच्याकडे त्यानंतर नियम झाला: कुणीही एकटी पाण्यात नाही, आणि पूर्ण रनला एक जण काठावर बसून फक्त डोकी मोजणार. जुलैनंतर त्यात भर पडली: लागोपाठ दोन रन नाहीत. अल्वारेझ नंतर पुन्हा पाण्यात उतरली. २०२४ला पॅरिसमध्ये सांघिक रौप्य मिळवणाऱ्या अमेरिकन संघात ती होती. त्या संघाची फेरी मी किती वेळा पाहिली असेल, सांगता येणार नाही.

तर, पूर्ण रन. पकडीचे ठोके, ३३०. आज जोडीदाराच्या वडिलांनी डोकी मोजली, छत्री धरून. मॅडमनी फोन जलरोधक पिशवीत घालून एका मुलीला पाण्याखाली चित्रण करायला बसवलं होतं. ‘पंखा’ गेला, ‘जिना’ गेला, मांड्या पेटल्या, ‘आईची वेणी’ गेली. ‘विहीर’. वर पावसात आमचे पाय, खाली मी आणि ती, समोरासमोर, उलट्या. पाच. सहा.

सातला माझी पावलं आधी गेली.

मला ते कळलंसुद्धा नाही. काठाला आल्यावर मॅडमच्या चेहऱ्यावरून कळलं. “संगीताच्या पुढे धावतेस असं मला वाटत होतं,” त्या म्हणाल्या. “पण आज तर संगीतच नव्हतं.”

साडेसात. सूर मारणारी मुलं शिडीखाली रांगेत उभी होती, तोंडं गारठलेली. आम्ही पाणी सोडलं.

सकाळी १०:३०

एका सीएंच्या कार्यालयात मी अर्धवेळ काम करते, साडेदहा ते साडेतीन. महिन्याच्या अकरा तारखेच्या आत विक्रीची जीएसटी विवरणपत्रं भरायची असतात, त्यामुळे ऑगस्टच्या या दिवसांत मान वर करायला वेळ नसतो. सरांनी नोकरी देतानाच विचारलं होतं, “स्पर्धा कधी असतात?” आणि कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं खुणा केल्या. असं माणूस भेटणं हे नशीब आहे. इतरांच्या डब्याला मसाल्यांचा वास, माझ्या केसांना क्लोरिनचा.

दीड वाजता जेवण. तीन पोळ्या, मटकीची उसळ, पनीर, दही. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी आज विचारलं, “तुझं ते पाण्यातलं नृत्य कसं चाललंय?” नृत्य म्हटलेलं पूर्वी मला लागायचं. आता नाही. नृत्य त्यात आहेच. १९०७मध्ये न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोममध्ये अॅनेट केलरमन काचेच्या टाकीत कसरती करायची, तिथून ही वाट निघाली. ऑलिम्पिकमध्ये शिरायला या खेळाला १९८४ उजाडलं, लॉस एंजेलिसला. सत्त्याहत्तर वर्षं. “ताई, एकदा बघायला या,” मी म्हटलं. “सहा वाजता. पण काठावरून नका बघू, मुख्य तलावाच्या पायऱ्यांवरून बघा, तिथून खालचे हात दिसतात.” त्या येणार म्हणाल्या, रविवारी.

दुपारी ४:१५

मॅडमच्या घरी, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर फोन उभा करून आम्ही तिघी चित्रण बघत होतो. पाण्याखालचं चित्र निळसर, बुडबुड्यांचं. अर्ध्या वेगानं लावलं. ‘विहीर’ आली. मी पाय बघत होते, कारण चूक पायांची होती. वर, चौकटीच्या टोकाशी चार मांड्या, पाण्याची कातरलेली कड.

“ताई,” ती म्हणाली, “तुझे डोळे बघ.”

सिंक्रोत आम्ही गॉगल लावत नाही. उघड्या डोळ्यांनी पाण्यात सगळं धूसर दिसतं, पण दिसतं. माझ्यासमोर ती एक फिकट सावली असते आणि त्या सावलीचे खांदे किती उतरले यावर मी माझा उतार जुळवते. कान ठोका सांगतात, जोडी डोळे सांगतात. चित्रणात पाच अंकाला माझे डोळे उघडे होते. सहाला ते मिटले. घट्ट. आठला उघडले.

मॅडमनी पुन्हा लावलं. पुन्हा मिटले. मग त्यांनी मागच्या महिन्यातलं, पाच-सात जुलैचं चित्रण शोधून काढलं. त्यात डोळे उघडे. सहालाही, सातलाही.

कुणी काही बोललं नाही. मला आठवलं: काळ्या कडा जिथे आत आल्या ती जागा हीच. मी ठरवून मिटत नव्हते. मला ते माहीतही नव्हतं. सुट्या तुकड्यात ‘विहीर’ बरोबर येते, कारण छातीत श्वास ताजा असतो. पूर्ण रनमध्ये तिथे पोहोचेपर्यंत श्वास संपत आलेला असतो, आणि तो काळोख पुन्हा येईल म्हणून माझं शरीर आधीच दार लावून घेतं. मग समोर ती दिसत नाही. मग मी एकटीच उतरते, घाईनं.

मला रडू आलं. चोवीस वर्षांच्या बाईला जोडीदारासमोर रडताना संकोच वाटायला हवा होता, तो वाटला नाही. मॅडमनी चहा टाकला. “तीन आठवडे मी तुला पाय लवकर नेऊ नकोस म्हणून ओरडत होते,” त्या म्हणाल्या, “माझं चुकलं गं.” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तिनं माझा दंड धरला, तोच.

उपाय मॅडमनी तिथेच सांगितला. पूर्ण रन आठवडाभर बंद. ‘विहिरी’ला तीन आठ आधीपासून येऊन भिडायचं, मग पाच आठ, मग दहा. दर वेळी एकच काम: सहाला तिच्याकडे बघायचं. पाय गेले खड्ड्यात.

संध्याकाळी ५:३०

मोठ्या तलावाच्या चार फुटी टोकाला माझी लहानांची तुकडी. अकरा मुली आणि एक मुलगा. यावर माझं पेट्रोल, नोजक्लिपा आणि स्पर्धेचा प्रवास निघतो. पण पैसे मिळाले नसते तरी हा तास मी सोडला नसता.

मुलांना सध्या एकच वेड आहे. पॅरिसला अमेरिकेच्या संघानं उलटं होऊन, पाय पाण्याबाहेर काढून ‘मूनवॉक’ केला होता, मायकेल जॅक्सनच्या गाण्यावर. जणू पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे छत आणि त्याला पाय लावून मुली मागे सरकताहेत. सगळ्यांना तेच करायचं असतं. मी म्हटलं, करू, आधी आडवा इंग्रजी आठ. पाठीवर तरंगून दोन मिनिटं नुसते हात. बारा चेहरे आकाशाकडे, पाऊस तोंडावर, कुणीतरी जीभ बाहेर काढून थेंब पितंय.

मुलगा दहा वर्षांचा आहे. त्यानं विचारलं, “ताई, मुलग्यांना चालतं ना?” शाळेत कुणीतरी काही बोललं असणार. मी सांगितलं ते खरं तेवढंच: जागतिक स्पर्धेत २०१५पासून मुलगा-मुलगी अशी जोडी उतरते, कझानला अमेरिकेच्या बिल मेनं त्यात सुवर्ण मिळवलं. पॅरिसला पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या आठ जणांच्या संघात दोन पुरुषांना परवानगी होती, पण एकाही देशानं कुणाला घेतलं नाही. “का?” “अजून धीर झाला नसेल.” तो विचार करत राहिला. मग म्हणाला, “मी तेव्हा मोठा असेन,” आणि पुन्हा पाठीवर पडला.

मी स्वतः नऊ वर्षांची असताना दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, २०१०. टीव्हीवर थोडा वेळ सिंक्रो दिसलं. कॅनडाची मारी-पिएर बुद्रो गान्यो सोलोचं सुवर्ण घेऊन गेली. यजमान म्हणून आपल्या मुलीही उतरल्या होत्या. पदक नव्हतं, पण पाण्यात भारत होता. मी आईला म्हटलं, मला हे. त्यानंतर राष्ट्रकुलमध्ये हा खेळ पुन्हा झालेला नाही, आणि ऑलिम्पिकमध्ये या खेळात भारतातून अजून कुणी उतरलेलं नाही. पालक हे विचारतात तेव्हा मी लपवत नाही. मग त्यांना चीनची गोष्ट सांगते. जपानच्या मासायो इमुरा चीनच्या संघाला शिकवायला गेल्या. २००८ला बीजिंगमध्ये चीनला सांघिक कांस्य मिळालं, या खेळातलं त्यांचं पहिलं ऑलिम्पिक पदक. सोळा वर्षांनी पॅरिसला सांघिक आणि ड्युएट, दोन्ही सुवर्णं चीनची. ड्युएटमध्ये वांग ल्युयी आणि वांग छ्यानयी, जुळ्या बहिणी. सोळा वर्षं म्हणजे या बारा जणांचं पंचविशीतलं वय.

तास संपताना सगळ्यांना जोड्या करून समोरासमोर पाण्याखाली बसवलं. नाक धरून, डोळे उघडे, एक ते आठ. काम एवढंच, समोरच्याकडे बघत राहायचं. हा खेळ आज पहिल्यांदाच घेतला. मुलं हसून हसून वर येत होती.

रात्री ८:००

आईनं पोशाख मांडीवर घेतला आहे. टिकल्या तुळशीबागेतून आणलेल्या, चंदेरी आणि मोरपंखी. तयार पोशाख आम्हाला परवडत नाहीत, त्यामुळे साध्या पोहण्याच्या पोशाखावर आई एक एक टिकली शिवते. ताणलं की दोरा तुटतो, म्हणून मी तो अंगात घालून उभी राहते आणि ती अंगावरच टाके घालते. सुई कधी कधी लागते. दोघींचे दोन पोशाख, दोन्ही तीच करते.

स्पर्धेच्या दिवशी केसांना जिलेटिन लावावं लागतं. गरम पाण्यात विरघळवून ब्रशनं थापायचं. वाळलं की केस काचेसारखे होतात आणि थंड पाण्यात विरघळत नाहीत. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात. आजीला मी हे पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं एक जुनं पातेलं काढून दिलं, त्याला दोऱ्यानं खूण बांधली आणि ते न्हाणीघरात ठेवायला सांगितलं. गेली कित्येक वर्षं ते तिथेच आहे.

साडेआठला जेवण. आजीनं उपास सोडला. मी तिला सकाळचं काही सांगितलं नाही, जुलैतलंही सांगितलेलं नाही.

रात्री ९:४०

कंबरेला शेक. उद्याचे कपडे डिकीत. तलावाच्या रखवालदार काकांचा निरोप आला की गाळणयंत्र रात्रभर चालू ठेवतोय, पावसानं पाणी गढूळ झालंय. दुसरा निरोप तिचा. भौतिकशास्त्राच्या वहीचा फोटो, आणि खाली: “ताई उद्या मी सहाला डोळे मोठे करीन. तू बघ फक्त.”

मी आणि आजी एकाच खोलीत झोपतो. दिवा मालवला. तिच्या माळेचे मणी बोटांतून सरकल्याचा बारीक आवाज येत होता. मी उताणी पडून छताकडे बघत राहिले आणि शेवटचे दहा आठ मनात मोजायला घेतले, श्वास अर्धा सोडून दिलेला, हात अंगाशी. ‘आईची वेणी’ गेली. पंख्याची पाती काळोखात ओळखू येत होती. ‘विहीर’ आली. चार. पाच. छातीत ते सुरू झालं. सहा. पाती दिसत होती. सात.

“झोपलीस का गं?” आजीनं विचारलं.